करंजदऱ्यातली चौकशी

मनकवडा कानात बसला आणि नाईक शिवतेज शेडगेचं कुणाशी म्हणून पटेनासं झालं.

मनकवडा हे यंत्राचं नाव. कागदोपत्री त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण लष्कराच्या त्या शाळेतली पोरं त्याला मनकवडाच म्हणत. शाळाही जरा वेगळीच. आता उपग्रह आकाशातून बैलाच्या पाठीवरची माशी मोजतात, ड्रोन खिडकीतून आत डोकावून येतात. पण माणसाच्या मनात काय चाललंय ते अजून एकाही ड्रोनला दिसलेलं नाही. ते माणसानं माणसाकडूनच काढून घ्यावं लागतं, गोडीगुलाबीनं, चहा पाजून, समोरच्याला न दुखवता. सैनिकांना ही विद्या शिकवणारी शाळा ती, सह्याद्रीच्या एका गार घाटमाथ्यावर.

यंत्राची करामत तशी सोपी होती. चष्म्याच्या काडीत एक कॅमेरा आणि कानात मुगाएवढा बोलका मणी. हृदयाचा ठोका पडला की चेहऱ्यात रक्ताची बारीकशी लाट येते आणि कातडीचा रंग कणभर बदलतो. आपल्या डोळ्यांना तो बदल दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो, आणि त्यावरून नाडी कळते. त्यात आवाजाचा कंप, पापण्यांची उघडझाप आणि श्वासाची लय मिळवायची. पहिली काही मिनिटं यंत्र समोरच्या माणसाची नेहमीची चाल शिकून घेई. नंतर तो त्या चालीवरून ढळला की कानात एक बाई थंडपणे आकडा सांगे. शंभराच्या आसपास असेल तर माणूस मोकळा, विसाच्या खाली गेला तर कुठंतरी पाणी मुरतंय.

"यंत्र ठोके मोजतं," शाळेच्या प्रमुख मेजर केतकी दामले पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "ठोके कशानं वाढले, ते तुम्ही शोधायचं. आणि दुसरी गोष्ट, ती तर झोपेतही विसरायची नाही. ज्यानं तुम्हाला माहिती दिली, त्याचं नाव तोंडातून बाहेर पडता कामा नये. तुम्हाला कुणी उलटं टांगलं तरीही."

शिवतेजनं हे एका कानानं ऐकलं. दुसऱ्या कानात मनकवडा सांगत होता, "ब्याण्णव." बाई खरं बोलतायत एवढं कळल्यावर त्यानं पुढचा विचार केला नाही.

त्याला विचार करायचाही नव्हता. त्याला फक्त पास व्हायचं होतं. शिवतेज आला होता खेचरांच्या तुकडीतून. हो, अजून आहेत खेचरं. बर्फातल्या वाऱ्यात ड्रोन कोलमडतात, खेचर कोलमडत नाही. त्यातली चांदणी नावाची एक खेचरी शिवतेजवर खार खाऊन होती. ओझं लादायला गेला की चावायची, तेही अशा जागी की दवाखान्यात दाखवायची पंचाईत. परीक्षा पास झाला तर माहिती शाखेत कायमची नेमणूक आणि नापास झाला तर परत चांदणी, असा सरळ मामला होता.

शाळेनं सुट्टीतही यंत्र वापरायला सांगितलं होतं, सवय व्हावी म्हणून. शिवतेज घरी गेला, आईला साडी दिली. आई म्हणाली, "अगं बाई, किती छान! फारच आवडली."

"एकोणीस," कानात बाई म्हणाली.

आता शहाण्या माणसानं गप्प बसावं की नाही? हा पठ्ठ्या म्हणाला, "आई, खोटं बोलतेस तू."

आईनं साडीची घडी घातली, कपाटात ठेवली, आणि त्या दिवसापासून मुलाशी बोलणं टाकलं. फोन केला तरी वडिलांच्या हातात द्यायची. शिवतेजला वाटलं, यंत्र खोटं थोडंच सांगणार! पण फोन ठेवल्यावर तो पुन्हा पुन्हा आईचा नंबर काढून बघायचा, ते यंत्रात दिसत नव्हतं.

*

शेवटची परीक्षा करंजदऱ्यात होती. घाटाखालचं छोटं गाव. शाळेनं तिथं एका घरात एक पाहुणा लपवला होता. सरपंच आणि त्या घरचे सोडून कुणाला पत्ता नव्हता, आणि त्यांनी लष्कराला शब्द दिला होता. आपण सैनिक आहोत हे कळू न देता पाहुणा कोण आणि कुठं आहे ते शोधायचं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत.

शिवतेज सौरपंपाची पाहणी करायला आलेला माणूस म्हणून गावात उतरला. पारावर भगवान अप्पांचं हॉटेल होतं. दोन बाकडी, एक गॅस, आणि भज्यांचा घाणा. बाकावर मफलर गुंडाळलेला एक म्हातारा चहात खारी बुडवून खात होता. त्याला सगळे आबा म्हणत होते.

शिवतेजनं चहा मागवला, पाऊसपाण्याचं बोलला आणि बेतानं विचारलं, "काय अप्पा, सध्या गावात कुणाकडं पाहुणे आलेत का?"

अप्पांनी आबांकडं बघितलं. आबांनी खारी खाली ठेवली. "कुणाकडं म्हणजे? सरपंचांकडं म्हणायचंय का तुम्हाला?"

शाळेत शिकवलं होतं की अशा वेळी काही बोलायचं नाही, नुसतं हसायचं, समोरचाच बोलतो. शिवतेज हसला.

"एवढं लाजायला काय झालं?" आबा म्हणाले.

अप्पांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तरणा पोरगा, इस्त्रीचा शर्ट, आणि सरपंच जगतापांच्या घराची विचारपूस! असा माणूस कशाला आलेला असतो हे काय सांगायला पाहिजे? त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि जवळ येऊन बसले. "विचारा काय विचारायचं ते. माणसं एक नंबर."

"एक्याण्णव," कानात बाई म्हणाली. शिवतेजच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"घरात सध्या किती माणसं राहतात?"

"तिघंच की. आईबाप आणि लेक. कसली कटकट नाही."

"मागच्या बाजूनं दार आहे?"

"दार आहे, विहीर आहे, पल्याड दोन एकर ऊस. सगळं पोरीच्याच नावावर व्हणार."

"रात्री दिवा कधी बंद होतो?"

"उशिरापर्यंत चालू असतोय. पोरगी अभ्यास करती. फवारणीचे ड्रोन उडवून वर परीक्षेचा अभ्यास! हुशार आहे, पर तोंडानं..." इथं अप्पांनी जीभ चावली. "तोंडानं लई गोड."

"अठरा," कानात बाई म्हणाली. शिवतेजचे कान टवकारले. पोरीच्या नावाशी आकडा घसरला! म्हणजे लपवाछपवी तिच्याभोवतीच आहे. पाहुणा सरपंचांच्याच घरी!

आता स्थळाची चौकशी करायला आलेल्याला आपल्याकडं कुणी वाईट सांगत नाही. लग्न मोडल्याचं खापर कोण कशाला डोक्यावर घेईल? भांडकुदळ असेल तर करारी म्हणायचं, आळशी असेल तर शांत. शिवतेज स्वतः सातारा जिल्ह्यातला, हे त्याला कळायला हवं होतं. पण तो आकडे ऐकत होता. माणसांचं ऐकायचं राहूनच गेलं.

"आणि तुमचं गाव कुठलं?" आबांनी विचारलं. "आडनाव काय? मामा कुठले?"

खोटं नेहमी खऱ्याला लागून बोलावं, म्हणजे अडखळायला होत नाही, असं शाळेत शिकवलेलं. पंपाच्या कंपनीचं नाव त्यानं धडधडीत खोटं सांगितलं, पण मामाचं गाव कुणी खोटं सांगतं का हो! तोंडातून सवयीनं निघून गेलं, "मामा आदर्कीचे. पवार."

"आदर्कीचे पवार?" आतून अप्पांच्या बायकोचा, लताकाकींचा आवाज आला. "अवो, आमची धाकटी तिथंच दिलीया!"

शिवतेज गावात पंप बघत फिरला आणि दुपारी हॉटेलात जेवायला आला, तोवर गावानं त्याची कुंडली मांडली होती. लष्करात आहे. आधी खेचरांकडं होता. एकुलता एक आहे. आणि साडीवरनं आई त्याच्याशी बोलत नाही, हेही. लताकाकींनी ताटात भाकरी वाढता वाढता विचारलं, "काय रे बाबा, आईला असं बोलतात व्हय?"

शिवतेजनं मान खाली घालून भाकरी मोडली. वेषांतराचे बारा वाजले होते. पण इतक्यात सरपंचांचा निरोप आला, "पाहुण्यांना चार वाजता चहाला घेऊन या." मनातल्या मनात त्यानं उडीच मारली. ज्या घरात शिरायचं होतं, तेच घर बोलवत होतं!

*

सरपंचांच्या ओसरीवर सतरंजी अंथरलेली, त्यावर गावातली चार वडीलधारी मंडळी, आणि कडेला आबा. शिवतेजची नजर सरळ माळ्यावर गेली, मग आतल्या खोलीच्या दाराकडं, मग जिन्याकडं. पोहे आले. पोहे घेऊन आलेल्या मुलीनं त्याला नमस्कार केला, तेव्हा तो तिच्या खांद्यावरून मागची कडी बघत होता.

तेव्हा कुठं त्याला बशीतले पोहे दिसले, त्यांवरचं खोबरं आणि कोथिंबीर दिसली. अरे देवा, हे तर बघण्याचं चाललंय!

"जरा एकमेकांशी बोलू द्या त्यांना," सरपंच म्हणाले. "आजकाल तशी पद्धत आहे."

मागच्या अंगणात विहिरीपाशी मुलगी उभी राहिली. नाव प्रांजल. हाताची घडी घालून तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही मला बघायला आलेला नाहीत."

"कशावरून?"

"मुलगी बघायला आलेला माणूस मुलीकडं बघतो. तुम्ही आल्यापासून आमच्या माळ्याकडं बघताय."

"सहा," कानात बाई म्हणाली. राग असो की खोटं, यंत्राला दोन्ही सारखंच; पण एवढा खाली आकडा त्यानं आजवर ऐकला नव्हता.

"आणि ते कानातलं काढा आधी. मी बोलले की तुम्ही मान वाकडी करून त्याचं ऐकता. मला काय वाटतं ते मलाच विचारा ना."

शिवतेजनं मणी काढून खिशात टाकला. चष्माही काढला. एकदम सगळं शांत झालं. विहिरीवर पारवे घुमत होते ते आता ऐकू आले. मग काय झालं कोण जाणे, सगळं त्याच्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं. शाळा, परीक्षा, चांदणी कुठं कुठं चावली ते, आणि आईची साडी.

"कसल्या रंगाची होती?"

"दुकानदार मोरपिशी म्हणाला. घरी येऊन बघितलं तर पालीसारखी दिसत होती."

प्रांजल इतकी हसली की तिला विहिरीच्या कठड्याचा आधार घ्यावा लागला. "बाबांना माहितेय तुम्ही सैनिक आहात ते. म्हणाले, लष्करानं पोरगा घरपोच पाठवलाय तर बघून घेऊ."

"आणि पाहुणा? इथंच आहे ना?"

"कसला इथं! सकाळी माझा ड्रोन अप्पांच्या परसावरून गेला. त्यात दिसलं. मफलरवाले आबा पांघरुणाची घडी घालत होते, चारी कोपरे जुळवून, वर हातानं दाबून. आमच्या गावात अशी फौजी घडी कुणी घालत नाही. आणि ते आबा कुणाचे कोण, विचारा गावात. अप्पा म्हणतील आमचे लांबचे काका. लताकाकी म्हणतील मामा."

शिवतेजनं कपाळावर हात मारला. सकाळपासून तो ज्याच्या मांडीला मांडी लावून चहा पीत होता तोच!

"मी सांगितलं, पण दोन गोष्टी," प्रांजल आता हसत नव्हती. "एक, आता बाहेर जाऊन नकार द्यायचा, आणि दोष स्वतःकडं घ्यायचा. मला न विचारता मांडलेला हा बाजार मला नको. दुसरं, माझं नाव कुणाला कळता कामा नये. बाबांनी गावाच्या वतीनं लष्कराला शब्द दिलाय. त्यांच्याच घरातनं फुटलं असं झालं, तर त्यांना मान वर करता येणार नाही. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला. ती खरं बोलतेय की नाही, हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्याला तशी गरजही वाटली नाही.

बाहेर येऊन त्यानं हात जोडले. "मुलीला नाव ठेवायला जागा नाही. पण माझी आई माझ्याशी बोलत नाही. ती बोलेपर्यंत मी लग्नाचा विचार करणार नाही."

त्याला वाटलं, सुटलो. पण करंजदरा ते करंजदराच! "एवढंच ना?" लताकाकी दारातून पुढं झाल्या, आणि आदर्कीच्या धाकटीकडून आलेला नंबर त्यांनी लावलासुद्धा. मोबाईलच्या पडद्यावर शिवतेजची आई आली. मागं कपाट दिसत होतं.

चष्मा त्याच्या खिशात होता. आईचे डोळे पाणावलेत हे त्याला तसंच दिसलं. "आई," तो म्हणाला, "साडी वाईट होती."

"वाईट नव्हती रे. रंग जरा..."

"पालीसारखा होता."

"हो, अगदी पालीसारखा," आई म्हणाली आणि रडता रडता हसली. "पण तू आणली होतीस ना? मला आवडली म्हणाले ती साडी नव्हे रे, तू आणलीस ते. एवढं कळू नये माणसाला?"

शिवतेजला आता अख्ख्या ओसरीसमोर रडू आलं, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. सरपंचांनी उपरण्यानं डोळे पुसले. आबा मात्र त्याच्याकडं टक लावून बघत होते.

*

शाळेत टेबलामागं मेजर दामले बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी मफलरवाले आबा. आता अंगात कोट होता. सुभेदार दळवी, निवृत्त, फक्त परीक्षेपुरते येतात.

"पाहुणा हेच," शिवतेज म्हणाला. "अप्पांकडं उतरले होते. पण साहेब, तुमचा आकडा एकदाही पडला नाही, तो कसा?"

"मी दिवसभरात एक वाक्य तरी खोटं बोललो का?" दळवी म्हणाले. "नुसतं विचारत होतो ना? प्रश्नाला कुठं असतं खरंखोटं? बाकीचं गावानं आपल्या मनानं जुळवलं, आणि तूही."

"वेषांतर शून्य," मेजर म्हणाल्या. "पण उत्तर बरोबर आहे. सरपंचांच्या घरी तुम्ही यंत्र काढलं, त्यामुळं तेवढी नोंद कोरी आहे. कुणी सांगितलं?"

"ते सांगता येणार नाही, मॅडम."

"नोंद अपुरी राहिली तर मला तुम्हाला नापास करावं लागेल. परत खेचरं."

चांदणीचे पिवळे दात शिवतेजच्या डोळ्यांपुढं आले. "झोपेतही विसरायचं नाही, असं तुम्हीच म्हणाला होता."

"मग यंत्रालाच विचारू," मेजर म्हणाल्या. त्यांनी स्वतः चष्मा चढवला आणि कानातल्या मण्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला. "मी नावं घेते. तुम्ही फक्त नाही म्हणायचं."

शिवतेजनं मान ताठ केली. तोंड बंद ठेवता येतं, पण चेहऱ्यातल्या रक्ताला काय सांगणार? प्रांजलचं नाव आलं की आकडा कोसळणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग त्याला सुचलं. कोसळायचंच असेल तर सगळ्यांनाच कोसळू दे.

"भगवान अप्पा?"

त्यानं डोळ्यांपुढं चांदणी आणली. कान मागं, दात बाहेर, आणि आपण पाठमोरे. "नाही."

"नऊ," बाई म्हणाली.

"अप्पांची बायको?" चांदणी आणखी जवळ आली. "नाही." "अकरा."

"सरपंच?" "नाही." "आठ." "त्यांची मुलगी?" या वेळी तर चांदणी चावलीच. "नाही!" "नऊ."

मेजरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "तुमचं स्वतःचं नाव काय?"

चांदणी अजून डोळ्यांपुढून हलली नव्हती. "शिवतेज शेडगे."

"सात," बाई शांतपणे म्हणाली.

सुभेदार दळवींना हसताना ठसका लागला, पाणी आणावं लागलं. "मॅडम," ते डोळे पुसत म्हणाले, "याचं नाव शिवतेज नाही असं यंत्राचं म्हणणं आहे. आता नापास कुणाला करायचं?"

मेजर दामल्यांनी चष्मा काढून मिटला आणि पेन उचललं. पास. कसाबसा, पण पास.

*

पुढच्या रविवारी शिवतेज शाळेच्या फाटकाबाहेरच्या कँटीनवर चहा घ्यायला गेला. स्वतःचा आणि सोबत्याचा असे दोन ग्लास घेऊन वळला आणि जागच्या जागी थबकला. खांबापलीकडच्या बाकावर सुभेदार दळवी खारी खात होते, आणि त्यांच्यासमोर प्रांजल बसली होती. तिची पाठ त्याच्याकडं होती.

"आबा, खरं सांगा हं," ती म्हणत होती, "तो शेडगे स्वभावानं कसा आहे?"

"चौकशीला आलीस व्हय?"

"माझी चौकशी मीच करते."

"खेचरांना भितो. आईपुढं रडतो. वेषांतर शून्य." दळवींनी खारी चहात बुडवली. "आणखी काय विचारायचंय?"

प्रांजलनं त्यांच्यापुढं खारीची बशी सरकवली. मग अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "परीक्षेत त्याला विचारलं असेल ना, कुणी सांगितलं म्हणून? त्यानं घेतलं का नाव?"

"लई विचारलं. नोकरीवर आलं तरी बोलला नाही. ते कोण, हे मला आजवर ठाऊक नव्हतं."

'नव्हतं' म्हणताना म्हाताऱ्याची नजर तिच्यावर स्थिरावली. खारी बोटांतून सुटून चहात बुडाली. प्रांजलच्याही लक्षात आलं, विचारता विचारता आपण स्वतःचंच नाव सांगून बसलो. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते शिवतेजला मागूनही दिसलं आणि त्यासाठी कॅमेरा लागला नाही.

दळवींनी चमच्यानं खारी काढली, शांतपणे खाल्ली, आणि खांबाआड उभ्या शिवतेजकडं न बघता म्हणाले, "चहा गार होतोय. आणि मी म्हातारा माणूस, पोरी. या आठवड्यात मला काही ऐकूच येत नाही."

ते उठून गेले. शिवतेज दोन्ही ग्लास घेऊन पुढं झाला. मणी त्याच्या खिशात होता, तो तिथंच राहिला.

"आता विचारा," प्रांजल म्हणाली, "मला काय वाटतं ते."